जाळीची शाल सुईवरून उतरल्यावर

 

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या गटाला बारा शालींची ऑर्डर मिळाली. पुण्याच्या एका बाईंना मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला हलक्या, तिकोनी, जाळीच्या शाली हव्या होत्या. त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला. आम्ही अकरा जणी. स्वेटर, कानटोप्या, बाळंतविडे वर्षानुवर्षं विणतोय, तेव्हा जाळीचं काही अवघड वाटलं नाही. गटाच्या शिल्लकीतून लोकर आणली, दोन महिने संध्याकाळी बसून विणल्या. सुईवरून उतरल्या तेव्हा मात्र शाल कुठं दिसेना. आकसलेली, गोळा झालेली फडकी दिसत होती. एकीनं फोनवर पाहिलं होतं की शाल भिजवून, टाचण्या लावून ताणायची असते. आम्ही तेही केलं. टाचण्या लावलेल्या असताना काय देखण्या दिसल्या म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी टाचण्या काढल्या, घड्या घातल्या, पार्सल केलं. पुण्याला पोचेपर्यंत टोकं वळलेली, जाळी मिटलेली. बाईंनी बाराच्या बारा परत पाठवल्या. मला तेव्हा राग आला होता, पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

आमचं विणकाम चुकलं नव्हतं आणि ताणणंही फारसं चुकलं नव्हतं. चुकली होती ती लोकर. किंवा असं म्हणते, की ती लोकर नव्हतीच.

आपण दुकानात जाऊन ‘लोकर द्या’ म्हणतो आणि दुकानदार रंगीत गुंडे समोर मांडतो. त्यातले बहुतेक गुंडे अ‍ॅक्रिलिकचे असतात. अ‍ॅक्रिलिक म्हणजे खनिज तेलापासून कारखान्यात बनवलेला धागा, एक प्रकारचं प्लास्टिकच. मेंढीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या बोलण्यात विणायच्या सगळ्याच धाग्याला लोकर म्हणतात, म्हणून कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही. गुंड्यावरच्या कागदावर लिहिलेलं असतं, पण ते बारीक इंग्रजीत, आणि आपण रंग बघतो, कागद बघत नाही. अ‍ॅक्रिलिक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. बाळाचं स्वेटर रोज धुवावं लागतं, त्याला ते चांगलंच. स्वस्त असतं, कसर लागत नाही. पण जाळीची शाल पाण्यानं ताणून बसवायची असेल, तर त्याचा उपयोग नाही.

लोकर खरी की नाही हे घरच्या घरी कळतं. बोटभर धागा तोडा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि काडी लावा. पोरं आणि पदर, दोन्ही लांब. खरी लोकर रडतखडत जळते, ज्योत काढली की विझते, आणि केस जळाल्यासारखा वास येतो. राख काळी, पण बोटानं चुरली की भुगा होतो. अ‍ॅक्रिलिक भडकतं, वितळून थेंब पडतो, वास प्लास्टिकचा येतो आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. थंड झाल्यावर तो मणी दाबून बघा, चुरत नाही. दोन्हींची मिसळ असेल तर वासही मिसळीचा येतो आणि राखेत कडक कण सापडतात. आमच्या बारा शालींमधल्या उरलेल्या धाग्यानं कडक काळा मणीच दिला.

आता हे असं का? याचं उत्तर आपल्या डोक्यावरच आहे. न्हाऊन आल्यावर ओल्या केसांची घट्ट वेणी घाला आणि पूर्ण वाळल्यावर सोडा. केसांना लाटा पडलेल्या असतात. कोरड्या केसांची तितकाच वेळ वेणी घातली तर तशा पडत नाहीत. आपले केस, नखं आणि मेंढीची लोकर ही एकाच कुळीच्या प्रथिनाची बनलेली असतात, त्याला केराटिन म्हणतात. त्याच्या आत बारीक बारीक बंध असतात. पाणी आत शिरलं की ते सुटतात, आणि वाळताना ज्या आकारात धरून ठेवलं असेल त्या आकारात पुन्हा बांधले जातात. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पिते, तरी हाताला ओली लागत नाही, इतकी ती पाण्याची लोभी. प्लास्टिकचा धागा पाणी पीतच नाही. त्याच्या आत काही सुटत नाही, मग नव्यानं बांधलं तरी काय जाणार? टाचणी आहे तोवर तो ताणलेला राहतो, टाचणी काढली की आपल्या जागी.

आणि वेणीच्या लाटा पुढच्या न्हाणाला जशा निघून जातात, तसंच शालीचं. प्रत्येक धुण्यानंतर ती पुन्हा ताणून वाळवावी लागते. हे गिऱ्हाइकाला आधी सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर वर्षानं फोन येतो, ‘ताई, तुमची शाल आखडली हो.’

मग कुणी विचारेल, खरी लोकर हवी तर आपल्या शिवारात मेंढरं काय कमी आहेत? सुगी झाली की धनगरांचे कळप येतात, खतासाठी आपण ती रानात बसवतोही. पण आपली दख्खनी मेंढी ही मांसाची आणि राकट लोकरीची. विणकामाची नाजूक लोकर ज्या मेरिनो जातीच्या मेंढीची असते, तिचा धागा जाडीला २० मायक्रॉनच्या आसपास भरतो, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले वीस. आपल्या मेंढीची लोकर त्याच्या दुपटीहून जाड. तिची घोंगडी होते, आणि घोंगडीसारखी घोंगडीच. पावसात डोक्यावरून घेतली की पाणी आत येऊ देत नाही. पण मानेला टोचते. लग्नात मिरवायच्या शालीला ती चालणार नाही.

तरी एक गोष्ट त्या घोंगडीवाल्यांकडून घेण्यासारखी आहे. सनगर मंडळी उभा धागा लांबच्या लांब ताणतात, त्याला चिंचोक्याची खळ कुंच्यानं लावतात, वाळवतात, आणि मगच मागावर चढवतात. विणण्याइतकंच हे ओलं करणं, ताणणं आणि वाळवणं त्यांच्या कामाचा भाग असतं. आपण मात्र टाके बंद केले, की झाली शाल म्हणून मोकळ्या होतो.

रेशमाबद्दलही विचारणा होते, कारण २०१८ पासून आपल्या जालन्यातच रेशीम कोषांचा बाजार भरतो. त्याआधी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरपर्यंत जावं लागायचं. पण कोष म्हणजे विणायचा धागा नव्हे, मध्ये बरीच कामं असतात. शिवाय नुसत्या रेशमाला लोकरीसारखी उसळी नसते. लोकरीत थोडं रेशीम मिसळलेला धागा मिळाला तर घ्या, चमक सुंदर येते. नाहीतर कागदावर शंभर टक्के वूल किंवा मेरिनो लिहिलेली, अंगाला न टोचणारी लोकर बघा. ती महाग पडते, म्हणून आधी एकच गुंडा घ्या, जाळून बघा, वीतभर विणून, धुऊन, ताणून बघा, आणि मग बाकीची आणा. एकदमच आणा म्हणजे रंगात फरक येत नाही.

आता विणकाम. नमुना मी सोपाच सांगते, कारण रेडिओवर सांगून कळला पाहिजे. आपल्याकडच्या सुयांचा आकडा वाढला की सुई बारीक होते, हे नवीन मुलींना माहीत नसतं. १० नंबर सव्वातीन मिलिमीटरची, ८ नंबर चार मिलिमीटरची. स्वेटरला जी लोकर १० नंबरवर घ्याल तीच शालीला ८ नंबरवर घ्या. जाळीचं विण सैलच हवं.

सात टाके घाला. हे सात टाके असे समजा: दोन काठाचे, एक पहिल्या पंखाचा, एक मधला कण्याचा, एक दुसऱ्या पंखाचा, पुन्हा दोन काठाचे. सरळ बाजूच्या ओळीत काठाचे दोन सुलट, मग दोरा पुढे घेऊन सुईवर एक वेढा, मग पंख, पुन्हा वेढा, कण्याचा एक सुलट, पुन्हा वेढा, दुसरा पंख, पुन्हा वेढा, काठाचे दोन सुलट. म्हणजे चार वेढे, चार टाके वाढले, अकरा झाले. परतीच्या ओळीत काठाचे दोन-दोन सुलट आणि बाकी सगळे उलट, वेढेसुद्धा. एवढंच करत राहिलं की आपोआप तिकोन होतो, कणा मधोमध येतो.

आणि जाळी? तीन वेळा पंख साधे सुलट विणा. चौथ्या वेळी पंखात एक सुलट, मग वेढा आणि दोन टाके एकत्र, वेढा आणि दोन एकत्र, असं पंखाच्या शेवटपर्यंत. पंखातले टाके नेहमी विषम असतात, त्यामुळे हिशोब बरोबर जुळतो. जुळला नाही तर मागे कुठंतरी वेढा सुटलाय असं समजा. वेढ्यानं भोक पडतं, दोन एकत्र विणल्यानं टाक्यांची संख्या तीच राहते. सुईवर असताना ते भोक मिटलेलं दिसतं, म्हणून ‘जाळी कुठाय?’ असं वाटतं. घाबरू नका. वेढ्याचा तो जास्तीचा दोरा टाक्यांत दडून बसलेला असतो, ताणला की बाहेर येतो.

एक सवय लावून घ्या. दर दहा-बारा ओळींनी शिवणाच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा घेऊन सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. आमच्यात त्याला जीवदोरा म्हणतात. जाळीतला एक टाका निसटला तर तो खालपर्यंत पळतो आणि उचलून बसवणं महाकठीण. जीवदोरा असला तर तिथपर्यंत उसवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. लाईट गेल्यावर अंधारात ‘येतं मला’ म्हणून विणणाऱ्यांनी तर तो घालावाच. मी माझ्यावरूनच सांगतेय.

दीडशे ओळी झाल्या की सुईवर ३०७ टाके असतील. टाके बंद करताना हात सैल. इथं बऱ्याच शाली बिघडतात, कारण स्वेटरच्या सवयीनं आपण काठ घट्ट बंद करतो. घट्ट काठ ताणला जात नाही, ओढला तर तुटतो आणि मग मधली जाळी कितीही उघडली तरी कड गोळा होते. दोन टाके सुलट विणायचे, ते दोन्ही डाव्या सुईवर परत घ्यायचे, एकत्र विणायचे, मग पुढचा एक सुलट, पुन्हा दोन्ही परत, पुन्हा एकत्र. उजव्या हातात ६ नंबरची जाड सुई घेतली तर आणखी बरं. जीवदोरे आता ओढून काढा.

आता धुणं आणि ताणणं. रिठे आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळून घ्या. त्या पाण्यात कोमट पाणी मिसळून शाल अर्धा तास नुसती बुडवून ठेवा. सोडा नको, कपड्याची नेहमीची पावडर नको, ब्लीच तर अजिबात नको. लोकरीला खार सोसत नाही. गरम पाणीही नको, चोळणंही नको. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि तिचा नमदा होतो. तो पुन्हा कधी सुटत नाही. नंतर त्याच कोमटपणाच्या साध्या पाण्यातून काढा. पिळू नका. दोन्ही तळहातांत धरून दाबा, मग टॉवेलात गुंडाळी करा आणि टॉवेलावर पाय देऊन उभ्या राहा. आमच्याकडं हे काम नातवंडं आनंदानं करतात.

ताणायला जाड गोधडी किंवा गादी घ्या, टाचणी धरून ठेवेल अशी. पण गोधडीवर आधी पांढरं जुनं धोतर अंथरा. लुगड्याचा लाल रंग ओल्या पांढऱ्या शालीला लागला तर तो जाणार नाही, हेही आमच्या घरी घडून गेलंय. टाचण्या न गंजणाऱ्या घ्या. गंजाचा तपकिरी ठिपका रात्रीत पडतो.

आधी कण्याचं वरचं टोक टाचा, मग कणा सरळ खाली ओढून खालचं टोक टाचा. मग वरची सरळ कड. तिच्यातून आधीच एक मजबूत दोरा ओवून घेतला आणि दोन्ही टोकांना ताणून बांधला, तर कड एका रेषेत येते आणि टाचण्या कमी लागतात. त्यानंतर खालच्या दोन बाजूंना टोकं काढायची. मधून सुरुवात करा, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. एकाच बाजूनं ओढत गेलात तर कणा वाकडा होतो. सगळं लागल्यावर पुन्हा फिरून एकेक टाचणी अर्धा बोट बाहेर घ्या. पहिल्यांदा करणारी बाई नेहमी भीत भीत कमी ताणते. आमची शाल सुईवरून उतरली तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन फूट होती, वाळून निघाली तेव्हा साडेचार. सगळ्या ओलाव्यासकट सावलीत वाळू द्या, उन्हात नको. हिवाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन लागतात. हाताला कोरडी लागली तरी आणखी एक रात्र राहू द्या, कारण लोकर ओल लपवते हे मघाशी सांगितलंच. दार लावून घ्या. मांजराला ओली लोकर फार आवडते.

आता पैशाचं, कारण त्याशिवाय गटात बोलून उपयोग नाही. या शालीत साधारण साडेतेवीस हजार टाके पडतात. मिनिटाला वीस टाके धरले तर वीस तास झाले. धुणं-ताणणं दोन तास. बावीस तास. तुमच्या गावात खुरपणीची मजुरी आठ तासांची ३०० रुपये आहे असं धरू, तर एका शालीची नुसती मजुरी ८२५ रुपये होते. लोकर वेगळी, पोस्ट वेगळं. आम्ही त्या बारा शालींना मजुरी किती लावली होती? दीडशे. तासाला सात रुपयेसुद्धा पडले नाहीत, आणि ‘घरबसल्या मिळतात ना’ म्हणून आम्ही खूश होतो.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. जाळीच्या शालींसाठी जगात जी गावं नावाजली त्यात ती फार वर. तिथल्या अन्स्ट बेटावरच्या बायका इतकी तलम शाल विणत की ती आख्खी अंगठीतून ओढता येई. शाली धुऊन लाकडी चौकटीवर ताणण्याचं काम करणाऱ्या बायका तिथं वेगळ्या असत, आणि त्या कामाला वेगळं नाव होतं. एवढी कीर्ती, पण १८७२ सालच्या सरकारी चौकशीचा अहवाल काय सांगतो? व्यापारी विणणाऱ्या बायकांना रोख पैसे देत नसत. शालीच्या बदल्यात चहा आणि कापड घ्यायचं, तेही त्याच्याच दुकानातून, त्यानं लावलेल्या भावानं. मग त्या बायका तो चहा शेजारीपाजारी देऊन त्याबदल्यात पीठ मिळवत. मला हे कळलं तेव्हा आपल्याकडचा ‘पैसे पुढच्या महिन्यात, तोवर ही साडी घ्या’ म्हणणारा एक व्यापारी आठवला. आता आमच्या वहीत प्रत्येक शालीचे तास लिहिलेले असतात, ताणणारीचे तास वेगळ्या रकान्यात, आणि अर्धी रक्कम ऑर्डरबरोबर घेतो.

परत आलेल्या बारा शालींचं काय केलं, ते राहिलं. अ‍ॅक्रिलिकला पाणी बसवत नाही, पण वाफ बसवते. कोरडीच शाल टाचून घ्यायची आणि वाफेची इस्त्री इंचभर वर धरून फक्त वाफ द्यायची, टेकवायची नाही. धागा उष्णतेनं नरम होतो आणि तसाच राहतो, पुढं धुतला तरी. पण त्याची फुगीर ऊब जाते, तो लोळागोळा पडतो, आणि इस्त्री टेकली तर चकाकणारा चपटा डाग पडतो. एकदा झालं की मागं फिरता येत नाही. पहिली शाल आम्ही अशीच घालवली. उरलेल्या अकरा बऱ्या उतरल्या, ‘अ‍ॅक्रिलिक’ असं स्पष्ट लिहून निम्म्या किमतीत प्रदर्शनात विकल्या.

आणि शाल उचलण्याआधी टाचण्या मोजा. लावताना किती लावल्या ते कागदावर लिहून ठेवायचं, काढल्यावर डबीत तेवढ्याच भरल्या पाहिजेत. आमच्याकडं एकदा त्र्याऐंशी लावल्या होत्या आणि ब्याऐंशी निघाल्या. रात्री दहापर्यंत तिघी जणी ती शाल दिव्यासमोर धरून बसलो होतो. सापडली, काठाच्या शेवटच्या टोकात.